कॉलेजच्या नेटवर गेम ब्लॉक आहे? हॉस्टेलवर खेळायची वाट अशी काढा

हॉस्टेलवर गेम चालत नाही म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो ‘व्हीपीएन टाक’ हा, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप. सल्ला देणाऱ्याने बहुतेक वेळा अडकलंय काय ते बघितलेलंच नसतं. कधी गेमची वेबसाइट अडवलेली असते, कधी गेमचे पोर्ट (नेटवर्कवरची क्रमांकांची दारं) बंद असतात, आणि कधी कुणी काहीच अडवलेलं नसतं, फक्त मजल्यावरचा ॲक्सेस पॉइंट (वाय-फायची पेटी) चाळीस फोन सांभाळून थकलेला असतो. तिन्हींचा इलाज वेगळा आहे.

त्याआधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावर उभा आहे. गेम खेळायला डेटा थोडा लागतो. गेम उतरवायला आणि अपडेट करायला प्रचंड लागतो. मोबाइलवरचे गेम सहसा तासाला १०० एमबीच्या आत भागवतात, पीसीवरचे शूटर (गोळीबाराचे गेम) साधारण १०० ते ३०० एमबी खातात. पण तोच शूटर नव्याने उतरवायचा तर ३० जीबीच्या वर हिशेब जातो. ही दोन कामं वेगळी केली, की खेळ स्वतःच्या डेटावर होऊ शकतो, डाउनलोडची वेगळी सोय लावता येते, आणि कॉलेजकडे परवानगी मागताना तुमच्या हातात आकडे असतात.

कॉलेज अडवतं ते का

बहुतेक कॉलेजांत नेट एका फायरवॉलमधून, म्हणजे काय जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या पेटीतून, जातं. लॉगिनच्या पानाचा पत्ता १७२.१६ ने सुरू होऊन शेवटी ८०९० असेल तर तुमच्याकडे सायबरोम किंवा सोफोस कंपनीची फायरवॉल आहे असं समजायला हरकत नाही. सायबरोम ही मूळची अहमदाबादची कंपनी, २०१४ मध्ये सोफोसने ती घेतली. महाराष्ट्रातल्या कितीतरी इंजिनीअरिंग कॉलेजांत तिची पेटी अजून दिवे लुकलुकवत बसलेली असते. या पेट्यांमध्ये ‘गेम्स’ नावाचा एक तयार प्रकार असतो. नेटवर्कवाल्या सरांनी एकेक गेम शोधून बंद केलेला नसतो, त्या एका चौकटीवर टिचकी मारलेली असते. म्हणून बुद्धिबळाची साधी वेबसाइटसुद्धा त्यात सापडते.

कारणं दोन असतात. एक बँडविड्थचं (नेटच्या क्षमतेचं), दुसरं झोपेचं आणि हजेरीचं. २००७ मध्ये आयआयटी मुंबईने वसतिगृहांतलं इंटरनेट रात्री ११ ते दुपारी १२:३० बंद ठेवायचं ठरवलं, तेव्हा मुलं रात्रभर गेम आणि सिनेमांत राहतात, सकाळच्या तासांना येत नाहीत, एकमेकांत मिसळत नाहीत, हीच चिंता मांडली गेली होती. ती चिंता खोटी नव्हती, आजही नाही. परवानगीचं पत्र लिहिताना हे लक्षात असू द्या, कारण सरांच्या मनात पहिला प्रश्न बँडविड्थचा नसतो.

आधी निदान, मग इलाज

एक चाचणी सगळ्यात आधी करा: तोच लॅपटॉप, तोच गेम, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. तिथेही चालत नसेल तर दोष कॉलेजच्या नेटचा नाही. गेमचा सर्व्हर बंद असेल, तुमची आवृत्ती जुनी असेल किंवा गेम देशभरच बंद असेल. बीजीएमआय (पबजीची भारतीय आवृत्ती) जुलै २०२२ ते मे २०२३ या काळात सरकारी आदेशाने बंद होता. तेव्हा कॉलेजच्या फायरवॉलला शिव्या घालून काही उपयोग नव्हता.

हॉटस्पॉटवर चालतोय आणि कॉलेजच्या नेटवर नाही, असं दिसलं तर लक्षणं बघा.

ब्राउझरमध्ये ‘हे पान अडवले आहे’ असा फलक दिसतो आणि त्यावर प्रकाराचं नाव लिहिलेलं असतं. हा सगळ्यात सोपा प्रकार. त्या फलकाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. प्रकार चुकीचा लागला असेल, म्हणजे बुद्धिबळ शिकवणारी किंवा गेम बनवायला शिकवणारी साइट ‘गेम्स’मध्ये पडली असेल, तर फायरवॉल कंपनीच्या वेबसाइटवर प्रकार बदलून मागायचा अर्ज असतो. तो कुणीही भरू शकतं. मात्र कॉलेजने आपल्या हाताने एखादी साइट यादीत घातली असेल तर सरांनाच भेटावं लागेल.

लाँचर (गेम सुरू करणारं ॲप) उघडतो, लॉगिनही होतं, पण मॅच सुरू होताना ‘कनेक्टिंग’वर अडकतं. इथे बहुधा यूडीपी, म्हणजे डेटा झटपट पाठवायची पद्धत, बंद आहे. लॉगिन साध्या वेबसारखं टीसीपी या दुसऱ्या पद्धतीने, ४४३ पोर्टवरून जातं आणि ते सगळीकडे उघडं असतं. प्रत्यक्ष खेळ मात्र यूडीपीवर चालतो. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या गेमांना सहसा यूडीपी २७००० ते २७१०० लागतात, व्हॅलोरंटला ७००० पासून पुढचे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर मेसेज जातात पण आवाज लागत नाही, हे याच आजाराचं दुसरं लक्षण, कारण त्याचा आवाज ५०००० च्या पुढच्या यूडीपी पोर्टवरून जातो.

लाँचर सुरुवातीलाच प्रमाणपत्राची तक्रार करतो. म्हणजे फायरवॉल एचटीटीपीएस (वेबची कुलूपबंद वाहतूक) उघडून तपासतेय. ब्राउझरमध्ये कॉलेजचं प्रमाणपत्र बसवलेलं असल्याने तिथे काही जाणवत नाही, पण बरेच लाँचर फक्त स्वतःच्या कंपनीचंच प्रमाणपत्र मानतात आणि हटून बसतात. यावर लॅपटॉपच्या बाजूने करण्यासारखं काही नाही. त्या डोमेनला तपासणीतून वगळा, एवढंच सरांना सांगता येतं.

मॅच मधेच तुटते आणि लॉगिनचं पान परत येतं. ही सेशनची मुदत आहे. खेळायला बसण्याआधी लॉगआउट करून नव्याने लॉगिन करा, आणि ते पान टॅबमध्ये उघडं ठेवा. काही पेट्या त्या उघड्या टॅबवरूनच तुम्ही अजून हजर आहात हे ओळखतात.

मॅच लागते, पण रात्री नऊ ते अकरात पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) उड्या मारतो आणि पहाटे तोच गेम लोण्यासारखा चालतो. हा ब्लॉक नाही, गर्दी आहे. आधी राउटरला पिंग करून बघा: कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग टाकलं की ‘डिफॉल्ट गेटवे’ दिसतो, त्यालाच पिंग करायचा. स्वतःच्याच गेटवेला २ ऐवजी ८० मिलिसेकंद लागत असतील तर अडचण तुमच्या खोलीपासून जिन्यापर्यंतच आहे. खोलीत भिंतीला लॅनचं सॉकेट असेल तर केबल लावा. नसेल तर वाय-फायच्या २.४ सोडून ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जा. निम्म्या लोकांचा ‘गेम ब्लॉक आहे’ हा समज केबल लावल्यावर निघून जातो.

व्हीपीएनचं काय?

सरळ सांगतो: खेळण्यासाठी व्हीपीएन हा वाईट सौदा आहे, आणि त्याची कारणं तांत्रिक आहेत.

एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली. त्यावर एक्सप्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, सर्फशार्क यांनी भारतातले सर्व्हर काढून टाकले. म्हणजे पुण्यातून मुंबईच्या गेम सर्व्हरला जायचं तर तुमचं पॅकेट आधी सिंगापूरला जाणार, तिथून परत मुंबईला येणार, आणि उत्तरही त्याच वाटेने फिरणार. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटर आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे नुसत्या जाण्या-येण्याला ३९ मिलिसेकंद. समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत नसते, त्यामुळे प्रत्यक्षात ६० च्या आसपास. सिंगापूरहून मुंबईचा फेरा परत तेवढाच. जिथे १५ चा पिंग मिळायचा तिथे सव्वाशेच्या पुढे जाऊन शूटर खेळण्यात अर्थ नाही.

फुकटच्या व्हीपीएनचा धोका वेगळा. २०१५ मध्ये होला नावाच्या फुकट सेवेबद्दल उघड झालं की ती वापरणाऱ्यांच्याच कनेक्शनमधून इतरांची वाहतूक सोडत होती आणि ती सोय पैसे घेऊन विकत होती. कॉलेजच्या लॉगमध्ये त्या वाहतुकीपुढे नाव तुमचं लागतं, कारण लॉगिन तुमच्या पीआरएनने (विद्यार्थी क्रमांकाने) झालेलं असतं. शिवाय हॉस्टेलमध्ये प्रवेश घेताना जे नेट-वापराचं हमीपत्र सह्या करून दिलं, त्यात फायरवॉल ओलांडायची नाही हे बहुधा लिहिलेलंच असतं.

दुसऱ्याचा आयडी वापरणं तर पूर्ण बाजूला ठेवा. सिनिअरचा, लॅब असिस्टंटचा किंवा सरांचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली गुन्हा ठरतो, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. एका रँक्ड मॅचसाठी प्लेसमेंटच्या वर्षी हे कुणी ओढवून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

स्वतःच्या डेटावर खेळा, पण नीट

सगळ्यात सरळ वाट हीच. तासाला ३०० एमबी धरले तरी रोजच्या २ जीबीच्या पॅकमध्ये दोन-तीन तास आरामात बसतात. डेटा संपतो तो खेळून नाही, मागे गुपचूप चालणाऱ्या अपडेटमुळे.

हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग करा. हॉस्टेलमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर आधीच इतकी गर्दी असते की फोन आणि लॅपटॉप यांच्यातलं हातभर अंतरही जड जातं. केबलने ते मिटतं आणि फोन चार्जही होत राहतो. विंडोजमध्ये ‘रिमोट एनडीआयएस’ नावाचं नवं कनेक्शन दिसेल. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ (डेटा मोजका आहे असं विंडोजला सांगणं) चालू करा. वनड्राइव्ह थांबवा, स्टीममधले आपोआप होणारे अपडेट रात्रीच्या ठराविक वेळेवर टाका. एवढं केलं की तासाभरात दीड जीबी उडाल्याची तक्रार येत नाही.

फोन खिडकीत ठेवा. लांब केबलचा खर्च शंभर-दोनशे रुपये, पण जुन्या दगडी किंवा जाड आरसीसी भिंतींच्या हॉस्टेलमध्ये आत दोन काड्या आणि खिडकीत चार, हा फरक पिंगमध्ये थेट दिसतो. ५जीचं सिग्नल येऊन-जाऊन असेल तर फोन ४जीवर बांधून ठेवा. सरासरी वेग कमी होईल पण उड्या थांबतील. गेमला वेगापेक्षा सातत्य लागतं.

खेळताना कॉलेजचं वाय-फाय बंद ठेवा, म्हणजे कुठल्या वाटेने काय चाललंय याचा घोळ होत नाही. आणि दोन्ही कनेक्शन विंडोजमध्ये ‘ब्रिज’ कधीही करू नका. तसं केलं की तुमचा लॅपटॉप कॉलेजच्या नेटवर्कला बाहेरचं दार उघडून देतो, आणि ही गोष्ट नेटवर्कवाले कुठल्याही गेमपेक्षा गंभीर मानतात, बरोबरच मानतात.

एक मर्यादा: मोबाइल नेटवर तुम्हाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवर सर्व्हर चालवून बाहेरच्या मित्राला जोडता येत नाही. कंपनीच्या सर्व्हरवरचे गेम मात्र व्यवस्थित चालतात.

इंटरनेटच नको: विंगमधली लॅन

मला विचाराल तर हॉस्टेलमध्ये खेळायची खरी मजा लॅनमध्ये, म्हणजे लॅपटॉप थेट एकमेकांना जोडून खेळण्यातच आहे. समोरच्या खोलीतला ओरडलेला ऐकू येतो, पिंग एक मिलिसेकंद, आणि कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही, कारण कॉलेजचं नेटवर्क वापरातच नाही. काउंटर-स्ट्राइक १.६, माइनक्राफ्टची जावा आवृत्ती, टेरारिया, फॅक्टोरिओ हे सगळे असे चालतात.

कॉलेजच्या वाय-फायवरून लॅन खेळायचा प्रयत्न बहुधा फसतो. ॲक्सेस पॉइंटवर ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असतं, म्हणजे एकाच वाय-फायवरचे दोन लॅपटॉप एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून स्वतःचा स्विच घ्या. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच दीड हजाराच्या आसपास मिळतो, आठ जणांत वर्गणी काढली की माणशी दोनशेही पडत नाहीत. केबली कॉमन रूमपुरत्या.

१. स्विच विजेला लावा आणि फक्त लॅपटॉप त्याला जोडा. भिंतीतल्या कॉलेजच्या सॉकेटला तो जोडायचा नाही. स्विचऐवजी घरचा जुना वाय-फाय राउटर वापरत असाल तर ही सूचना दुप्पट पाळा: राउटरचं लॅन पोर्ट भिंतीत गेलं की तो कॉलेजच्या नेटवर्कमध्ये स्वतःच आयपी पत्ते वाटू लागतो, आणि बघता बघता अख्ख्या मजल्याचं नेट बंद पडतं. सबमिशनच्या आदल्या रात्री असं झालं तर विंग तुम्हाला माफ करणार नाही.

२. नुसत्या स्विचवर पत्ते वाटणारं कुणी नसतं, म्हणून प्रत्येकाने हाताने पत्ता घाला: पहिल्याला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, असं पुढे. सबनेट मास्क सगळ्यांना २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामा.

३. एकमेकांना पिंग करून बघा. पिंग लागला नाही तरी घाबरू नका, विंडोजची फायरवॉल अनोळखी नेटवर्कला ‘पब्लिक’ समजते आणि पिंगला उत्तर देत नाही. फायरवॉल पूर्ण बंद करू नका. ‘ॲपला परवानगी द्या’ या यादीत गेम शोधून त्याच्यापुढच्या प्रायव्हेट आणि पब्लिक, दोन्ही चौकटींवर खूण करा. माइनक्राफ्टच्या बाबतीत हमखास घोटाळा होतो तो इथेच. विंडोज परवानगी मागतं ती ‘ओपनजेडीके प्लॅटफॉर्म बायनरी’ या नावाने. कुठलंतरी अनोळखी नाव दिसतंय म्हणून लोक ‘कॅन्सल’ दाबतात आणि मग तासभर केबली तपासत बसतात.

४. माइनक्राफ्टमध्ये यजमानाने जग उघडून ‘ओपन टू लॅन’ करायचं; चॅटमध्ये पोर्टचा आकडा येतो. इतरांच्या यादीत ते जग आपोआप दिसलं नाही तर यजमानाचा पत्ता, मग कोलन (:) आणि तो आकडा टाकून थेट जोडायचं. स्वतंत्र सर्व्हर चालवत असाल तर पोर्ट ठरलेलं, २५५६५. टेरारियाचं ७७७७, फॅक्टोरिओचं यूडीपी ३४१९७, काउंटर-स्ट्राइकचं यूडीपी २७०१५.

स्टीमवरचे गेम असतील तर नेट असतानाच प्रत्येकाने एकदा लॉगिन करून, गेम एकदा उघडून, मग ऑफलाइन मोडमध्ये जायचं. ऐन वेळी हे आठवतं तेव्हा नेट नसतं.

अपडेट आणि डाउनलोड

घरी जाताना लॅपटॉप सोबत न्या आणि घरच्या ब्रॉडबँडवर सगळं अद्ययावत करून आणा. ते जमत नसेल तर विंगमध्ये एकानेच उतरवायचं. २०२३ पासून स्टीममध्ये स्थानिक नेटवर्कवरून गेम घेण्याची सोय आहे: एकाच्या लॅपटॉपवर गेम असला की दुसऱ्याचं स्टीम तो बाहेरून न आणता लॅनवरून ओढतं. गिगाबिट स्विचवर ३० जीबी पाच-सात मिनिटांत उतरतात, डिस्क एसएसडी असेल तर. दोघंही लॉगिन असायला लागतात, त्यासाठी थोडं नेट पुरतं.

परवानगी मागायची ती अशी

बरेच जण ही पायरी करूनच बघत नाहीत. ‘सर, गेम चालू करा ना’ याला उत्तर ठरलेलं आहे. कारण ‘गेम्स’ची ती चौकट काढली तर पत्त्यांचे जुगारी ॲपही मोकळे होऊ शकतात, आणि ते सरांना नको आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला. त्याने पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. तुमच्या अर्जाचा पाया हाच फरक असू द्या. मागायचं ते नेमकं: कोणते दोन गेम, कोणते पोर्ट, कोणत्या हॉस्टेलला, किती ते किती.

बँडविड्थचा हिशेब आधीच करून न्या. तासाला ३०० एमबी म्हणजे २,४०० मेगाबिट, भागिले ३,६०० सेकंद, म्हणजे माणशी ०.६७ एमबीपीएस. पन्नास जण एकाच वेळी खेळले तर ३३ एमबीपीएस. पूर्ण एचडी व्हिडिओ साधारण ५ एमबीपीएस घेतो, म्हणजे पन्नास खेळाडू मिळून सहा-सात जणांच्या व्हिडिओइतके. हा आकडा बघून सरांचा सूर बदलतो. विंडोजच्या ‘डेटा युसेज’मधून स्वतःच्या मॅचचा खरा आकडा काढून जोडलात तर उत्तम.

अर्ज कसा असावा, याचा नमुना:

“प्रति, मा. रेक्टर, मुलांचे वसतिगृह.
विषय : ई-स्पोर्ट्स सरावासाठी ठरावीक वेळेत प्रायोगिक परवानगी मिळणेबाबत.
महोदय, वसतिगृहातील विद्यार्थ्यांना पुढील दोन खेळांच्या सरावासाठी शुक्रवार व शनिवार रात्री ८ ते ११ या वेळेत, सोबत जोडलेल्या यादीतील यूडीपी पोर्ट एक महिन्यासाठी खुले करून मिळावेत. पैसे लावून खेळले जाणारे कोणतेही खेळ यात नाहीत. गेम उतरवण्यासाठी या वेळेत नेटवर्क वापरले जाणार नाही. परीक्षा व तोंडी परीक्षांच्या काळात परवानगी स्थगित ठेवावी. अपेक्षित वापराचा हिशेब सोबत जोडला आहे. खालील दोन विद्यार्थी समन्वयक म्हणून जबाबदार राहतील.”

परीक्षेच्या काळात स्वतःहून बंद ठेवायचं वाक्य काढू नका. २००७ मधली ती चिंता आठवा. रेक्टर सगळ्यात आधी हेच वाक्य शोधतात. अर्जाची एक प्रत नेटवर्क विभागाच्या सरांना आधी दाखवा. कारण रेक्टर त्यांनाच विचारणार, आणि ‘तांत्रिकदृष्ट्या अडचण नाही’ हे शब्द त्यांच्याकडून आले तर काम निम्मं झालं. त्यांना लॅनकॅशबद्दलही सांगा. हे फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. कॉलेजात एका जुन्या पीसीवर मोठी डिस्क घालून ते बसवलं की स्टीमचा तोच गेम शंभर मुलांनी उतरवला तरी बाहेरून एकदाच येतो. गेमला विरोध असलेल्या सरांनाही ही कल्पना पटते, कारण यात त्यांचीच लाइन वाचते.

परवानगी मिळाली की महिनाभर एक साधी वही ठेवा: तारीख, किती जण खेळले, पिंग किती, काही तक्रार आली का. कुणी त्या वेळेत डाउनलोड लावला तर समन्वयकाने त्याच दिवशी थांबवायचं. महिना संपायच्या आठवडाभर आधी ती वही आणि मुदतवाढीचा अर्ज सोबतच घेऊन जा; मुदत संपल्यावर गेलात तर पोर्ट बंद झालेले असतात आणि ते पुन्हा उघडायला सगळी फाइल नव्याने फिरते.